सोळाशे अडुसष्ट, सहाशे साठ

भिंतीवर खडूनं गारासीनं दोनच आकडे लिहिलेत.
वरचा टायटॅनियमचा, खालचा अ‍ॅल्युमिनियमचा.
"या मधल्या हजार अंशांत,"
ती म्हणते,
"आपल्याला उभं राहायचंय."

एइबारच्या या चिंचोळ्या दरीत
कारखाने एकमेकांच्या खांद्यावर बसलेत.
खाली लेथ, वर बिऱ्हाड, त्याच्यावर पुन्हा लेथ.
इथं बंदुका झाल्या, मग शिवणयंत्रं, मग सायकली.
आता ओंदारोआच्या एका बोटीचा नळ आलाय:
टायटॅनियमची नळी, अ‍ॅल्युमिनियमचं तोंड.
मालकाला बोल्ट नकोत.
बोल्टांना समुद्र ढिलं व्हायला शिकवतो, म्हणतो.

टायटॅनियम बोलून दाखवतं.
गरम असताना हवा लागली की आधी गव्हाच्या काडीसारखं पिवळं,
मग जांभळं, निळं,
शेवटी पांढरी भुकटी. तेव्हा टाकून द्यायचं.

अ‍ॅल्युमिनियम काहीच बोलत नाही.
लाल होत नाही, धुमसत नाही.
आत्ता होतं
आणि आता टेबलाखाली चकाकणारा एक थेंब.
माझे पहिले चार तुकडे असेच गेले.
शिवाय त्याच्या अंगावर जी साय असते
ती त्याच्याहून तिप्पट हट्टी:
आतल्याचं पाणी झालं तरी वरून शाबूत.
ती ब्रशनं खरवडायची
आणि पुन्हा साय धरायच्या आत
हात चालवायचा.

मी विचारलं, दोन्ही वितळवून कालवले तर?
तिनं कपाटातून एक जुना नमुना काढून दिला.
"टाक खाली."
फरशीवर तो चिक्कीसारखा कडकन तुटला.
कड राखाडी, सपाट, दाणेदार.
"मनसोक्त मिसळले की तिसरंच काहीतरी निपजतं,
आणि ते कुणाच्याच कामाचं नसतं."

म्हणून वितळतो एकच.
चाप धरायचा अ‍ॅल्युमिनियमच्या बाजूला, दीड मिलिमीटर आत,
हातात सिलिकॉन घातलेली सळई,
नळीच्या पोटातूनही आर्गॉन सोडलेला.
अ‍ॅल्युमिनियम पातळ होऊन पुढे येतं,
टायटॅनियमच्या कडेवर चढतं.
टायटॅनियम तापतं, भिजतं,
जागचं हलत नाही.
या बाजूनं वेल्डिंग, त्या बाजूनं झाळकाम.
मधे जो थर धरतो
तो केसाच्या तिसाव्या हिश्शाएवढा.
धरलाच नाही तर सांधा नाही.
रेंगाळलात तर चिक्की.

म्हणजे लग्नासारखं, मी म्हणालो.
तिनं हेल्मेट वर केलं.
"मी दोनदा केलंय. तसं काही नसतं.
धातू आहे, ओइएर. आर्गॉन बघ."

घरी आई बादाहोसच्या स्पॅनिशमध्ये हाक मारते
आणि मी बास्कमध्ये ओ देतो,
हे मग मी तिला सांगितलंच नाही.

गुरुवारी अकरावा तुकडा यंत्रात लावला.
यंत्र ओढत राहिलं.
काटा चढला, थबकला, परत चढला.
आम्ही दोघं सांध्याकडे डोळे लावून.
आवाज आला
पण तिथून नाही:
बोटभर अंतरावर अ‍ॅल्युमिनियम ताणून ताणून
कंबरेत बारीक होऊन फाटलं होतं.
सांधा तसाच. चंदेरी. काही घडलंच नाही असा.

गारासीनं तुटकं टोक उचललं, का कोण जाणे, हुंगलं,
खिशात टाकलं,
मग तशाच हातानं नळ जोडला, एका बैठकीत,
आणि रंगाचा डबा पुढे ओढला.
"खारं पाणी शिरलं की हा सांधा म्हणजे बॅटरी.
टायटॅनियमला काही होत नाही.
झिजतं ते दुसरं. रोज थोडं."

तीन हात दिले.
दर हात वाळेपर्यंत बाकावर बसून राहिलो,
निम्मं निम्मं सँडविच खाल्लं.
खालची लेथ कुठल्यातरी शाफ्टवर ओरडत होती.

बिलावर रकमेच्या खाली
तिनं पेन्सिलीनं लिहिलं:
दरवर्षी रंग तपासणे.
मग पेन्सिल पुसून
तेच पेनानं लिहिलं.